वाडीवरचा पोरगा कारखान्यात टिकवायचा असेल तर

प्रश्न विचारणाऱ्यांचं बेळगावाबाहेर मच्छेजवळ मशीन शॉप आहे, साठेक माणसांचं. दोन वर्षांत त्यांनी खानापूर तालुक्यातल्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाचे) आणि गवळी (म्हशी पाळणारे) वाड्यांवरची नऊ मुलं कामाला लावून घेतली. आज त्यातला एकच उरलाय. मुलं हुशार होती, कुणाशी भांडण झालं नव्हतं, पगारही इतरांइतकाच होता, तरी एकेक करून न सांगता गेली. ते लिहितात, "या लोकांना नोकरीची सवयच नाही असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही, पण आमचं चुकतंय कुठे तेही कळत नाही."

तुम्हाला ते पटत नाही हे बरंच झालं. ज्याच्या घरी दहा-बारा म्हशी आहेत तो गवळ्याचा पोरगा लहानपणापासून पहाटे चारला उठलेला असतो. दिवाळीला, धो धो पावसात, अंगात ताप असतानाही. म्हैस रजा देत नाही. धार काढायची, दूध वेळेवर खाली पोचवायचं आणि मग शाळा. अशा पोराला वक्तशीरपणा माहीत नाही असं म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. सवयीचं कारण आपण सांगतो कारण ते आपल्याला सोयीचं असतं. मग आपल्या बाजूला काही दुरुस्त करावं लागत नाही.

बेळगावच्या फाउंड्र्या आणि मशीन शॉपच्या कामगार विभागात माझी बावीस वर्षं गेली. आमची पहिली तुकडी अकरा जणांची होती, सगळी जांबोटी आणि लोंढ्याच्या बाजूची. गणपतीला गावी गेली ती तीनच परत आली. मीही तेव्हा दोन महिने 'सवय नाही' हेच घोकत होतो. मग एका रविवारी मोटारसायकल काढली आणि एकेकाच्या घरी जाऊन बसलो. तिथे जे ऐकलं त्यावरच पुढची सगळी वर्षं काम केलं. आठांपैकी एकानेही 'काम जड होतं' किंवा 'मशीन जमत नव्हती' असं सांगितलं नाही. बहुतेक कारणं गेटच्या बाहेरची होती. दोन गेटच्या आतली होती, त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

सगळ्यात आधी पैशाचं घ्या, कारण निम्मी मुलं तिथेच गळतात. आमच्याकडचा एक मुलगा ३ जुलैला हजर झाला. जुलैचा पगार ७ ऑगस्टला व्हायला हवा होता. पण पासबुकावर नाव एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या तऱ्हेने, म्हणून खातं अडकलं. ऑफिसने सांगितलं, 'पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम घे.' त्याच्या हातात पहिला रुपया आला ७ सप्टेंबरला, म्हणजे सहासष्ट दिवसांनी. या सहासष्ट दिवसांत खोलीभाडं, जेवण आणि गावी आईला पाठवायचे पैसे कुठून आले असतील? उधारीवर. आणि उधारी थकली की गोव्यातला मुकादम हजरच असतो, दिवसाची मजुरी संध्याकाळी हातावर ठेवणारा, वर चार पैसे उचल देणारा. शहरातल्या पोराला पहिला पगार लांबला तर बाप सांभाळून घेतो. वाडीवरच्या घरात साठवलेली रोकड नसते. असतं ते धान्य, दूध आणि माणसाचं बळ, आणि यातलं काहीच मच्छेतल्या खोलीत उपयोगी पडत नाही.

म्हणून पहिले दोन महिने आठवड्याच्या आठवड्याला पैसे द्या. हिशेबात तो पगारावरचा अ‍ॅडव्हान्स म्हणून दाखवा, तुमच्या अकाउंटंटला काही अडचण येणार नाही. बिनव्याजी, पगारातून वळता होणारा, आणि किती दिला किती वळता झाला हे त्याच्या वहीतही लिहिलेला. मुकादमाच्या उचलीत माणूस अडकतो कारण त्याला हिशेब कधी दिसत नाही. तुमचा हिशेब त्याच्या खिशात असला पाहिजे.

कागदपत्रांचं काम हजर व्हायच्या आधी उरका. आमच्या ऑफिसातला एक कारकून आम्ही चार दिवस खानापुरात बसवायचो. आधार, पासबुक, पीएफचा नंबर, सगळं तिथेच. वाडीवर मोबाईलला रेंज नसते. ओटीपी येईपर्यंत त्याची मुदत संपलेली असते आणि पोरगा टेकडी चढून-उतरून दमलेला असतो. बेळगावच्या ऑफिसात बसून 'त्याने ओटीपीच दिला नाही' म्हणणं सोपं आहे.

नावांचं जरा समजून घ्या, विशेषतः सिद्दींच्या बाबतीत. यांच्या पूर्वजांना पोर्तुगिजांनी पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं. त्यातले पुष्कळ जण पळून घाट चढले आणि या जंगलात राहिले. आज त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि तरीही समाज एकच. त्यामुळे एकाच घराण्यात तीन तऱ्हेची नावं निघतात. आडनावाच्या जागी कुठे 'सिद्दी', कुठे बापाचं नाव, कुठे शाळेत मास्तरांनी त्या वेळी जे लिहिलं ते. ऑफिसातल्या माणसाला हे ठाऊक नसलं की त्याला त्यात बनावट दिसते, आणि पोराला पहिल्याच दिवशी चोरासारखं उभं राहावं लागतं.

जातीच्या दाखल्याचा खासगी कारखान्याला काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. आरक्षण तुम्हाला लागू नाही हे खरं. पण हा कागद त्या पोराचं अर्धं आयुष्य खातो आणि तुमची हजेरीही. उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी २००३ साली अनुसूचित जमातींच्या यादीत आले. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना त्यासाठी २०२० च्या कायद्याची वाट पाहावी लागली. म्हणजे उत्तर कन्नडातल्या हल्याळची मावशी आदिवासी आणि खानापूरची सख्खी बहीण नाही, अशी सतरा वर्षं गेली. याचा सगळ्यात मोठा फटका बसला जमिनीला. २००६ च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट दाखवली की पुरे. इतरांना मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. जंगलातल्या झोपडीत पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा कागद कुठून निघणार?

गवळ्यांचं तर अजून तेही नाही. गवळी धनगर कर्नाटकात अनुसूचित जमातीत नाहीत, मागणी जुनी आहे. उत्तर कन्नडातल्या जोयड्याच्या कुणब्यांचंही तसंच. घाटाखालचा गोव्यातला कुणबी २००३ पासून यादीत आहे, वरचा नाही. सीमाभागातल्या आपल्या लोकांना रेषेचं दुखणं समजावून सांगायला नको. बेळगावहून शिनोळीला कामाला जाणारा माणूस अर्ध्या तासात महाराष्ट्रात पोचतो, पण त्याचा कर्नाटकचा जमातीचा दाखला तिथल्या राज्य सरकारच्या नोकरीत चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० पासून हे स्पष्ट केलेलं आहे.

याचा तुमच्याशी संबंध असा की वनहक्काची सुनावणी, ग्रामसभा, नाडकचेरीत दाखल्याची तारीख, यासाठी पोरगा गेला तर तो भटकायला गेलेला नसतो. घराखालची जमीन राहणार की जाणार, एवढं त्यात पणाला लागलेलं असतं. आम्ही वर्षाला सहा दिवस 'कचेरी रजा' ठेवली होती, भरपगारी, तारखेची चिठ्ठी दाखवली की मंजूर. आमच्या कारकुनाने दोन-तीन जणांचे अर्जही भरून दिले. त्यानंतर वाडीवर आमच्या कारखान्याकडे बघण्याची नजर बदलली. हे मी कुठल्याही भरतीच्या जाहिरातीपेक्षा मोलाचं मानतो.

आता रस्ता. खानापूर ते बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर, बस आहे, रेल्वे आहे. अडचण खानापूरच्या अलीकडची नाही, पलीकडची आहे. भीमगड अभयारण्याच्या बाजूच्या वाड्यांवरून डांबरी रस्त्यापर्यंतच तास-दोन तास चालावं लागतं. पावसाळ्यात नाले भरले की ते चालणंही बंद. अस्वलाची भीती वेगळी. त्या भागात अस्वलाने फाडलेली माणसं मी स्वतः दवाखान्यात पाहिली आहेत. अशा माणसाला दुसरी पाळी देऊन रात्री अकराला सोडायचं आणि सकाळी उशीर झाला म्हणून अर्धा दिवस कापायचा, हा अन्याय आहे. रोज ये-जा करणाऱ्याला सलग पहिली पाळी द्या. बाकीच्यांना राहायची सोय लागेल.

आणि खोली मिळणं हीच मोठी अडचण आहे, विशेषतः सिद्दी मुलांना. फोनवर 'या, खोली रिकामी आहे' म्हणणारा मालक दारात पोरगा बघितल्यावर 'कालच गेली' म्हणतो. काही जण तर 'परदेशी आहेस काय, पासपोर्ट दाखव' म्हणतात. जो मुलगा खानापूरच्या मातीत सातव्या-आठव्या पिढीतला आहे त्याला हे ऐकावं लागतं. पोराने हे तुम्हाला येऊन सांगायची वाट बघू नका, तो सांगणार नाही. पिरनवाडीत किंवा मच्छेत कारखान्याच्या नावाने दोन-तीन खोल्या भाड्याने घ्या, करार तुमचा, डिपॉझिट तुमचं. साठ माणसांच्या कारखान्याला हे झेपतं. नवा ऑपरेटर पुन्हा पुन्हा शिकवण्यात जो माल वाया जातो त्याची किंमत काढून बघा.

बायकांबद्दल थोडक्यात. तपासणी, पॅकिंग, कोअर शॉप (ओतकामासाठी वाळूचे गाभे बनवायचा विभाग) या कामांना वाडीवरच्या मुली फार चांगल्या तयार होतात. जून २०२३ पासून कर्नाटक राज्याच्या साध्या बसमध्ये बायकांना प्रवास मोफत आहे, त्याने खानापूरच्या मुलींचं येणं नक्की सोपं झालं. पण बस वाडीपर्यंत येत नाही. तिघी-चौघी एकाच बाजूच्या असतील तरच घरचे पाठवतात, आणि पाठवण्याआधी आईने एकदा कारखाना डोळ्यांनी बघितलेला असावा. आयांना बोलवा. चहा द्या, संडास कुठे आहे ते दाखवा. त्या तेच आधी बघतात, आणि बरोबर बघतात.

गेटच्या आतल्या दोन गोष्टी म्हणालो त्यातली पहिली म्हणजे सुपरवायझरचं तोंड.

केसांना हात लावणं. 'उन्हात काळा झालास का' म्हणणं. नावाने हाक न मारता दुसऱ्याच कशाने मारणं. गवळ्याच्या पोराला 'अंगाला म्हशीचा वास येतोय' म्हणणं. हे सगळं हसत हसत चालतं आणि विचारलं की उत्तर मिळतं, 'आम्ही मस्करी करत होतो.' मी एका चांगल्या, कामात पक्क्या असलेल्या सुपरवायझरला याच कारणावरून त्या जागेवरून हलवलं. दोन महिने उत्पादन कमी झालं. तरीही तो निर्णय बरोबर होता, कारण त्यानंतर उरलेल्या सगळ्यांना नियम कळला. अनुसूचित जमातीच्या माणसाचा चारचौघांत जातीवरून पाणउतारा करणं १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि २०२० नंतर खानापूरच्या सिद्दींनाही त्याचं संरक्षण आहे. हे तुमच्या लोकांना स्वच्छ सांगा. पण नुसत्या कायद्याच्या धाकावर थांबू नका. मालक स्वतः त्या पोराला कसा हाक मारतो याकडे सगळ्यांचं लक्ष असतं.

याच धर्तीवर एक विनंती. आयुधपूजेला किंवा वार्षिक कार्यक्रमाला सिद्दी मुलांना 'तुमचा तो नाच करून दाखवा' म्हणू नका. तो त्यांच्या घरचा, त्यांच्या देवाचा नाच आहे. त्यांना वाटलं तर ते आपण होऊन करतील.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटपाची, आणि हिच्याबद्दल कुणी बोलत नाही. सिद्दी पोरगा आला की त्याला सरळ फेटलिंगला (ओतीव माल घासून साफ करायला) किंवा ओझ्याला लावतात. का, तर 'अंगाने दणकट आहे'. त्याने आयटीआय केलेलं असलं तरी. देशाने एकदा मोठ्या प्रमाणावर हेच केलं होतं. १९८७ साली भारतीय क्रीडा प्राधिकरणाने विशेष क्षेत्र खेळ योजनेत सिद्दी मुलांना धावण्यासाठी निवडलं, कारण आफ्रिकेचं रक्त म्हणजे वेग अशी समजूत. त्यांतल्या काहींनी पदकं आणली. पण काही वर्षांत सिद्दींसाठीचा तो उपक्रम बंद पडला आणि पुष्कळ मुलं होती तिथेच, वाडीवर परत आली. अंग बघून निवडलं की माणूस अंगापुरताच उरतो. तुमच्याकडे आलेल्या नऊ जणांना तुम्ही कुठल्या मशीनवर बसवलं होतं? त्यांतला एक तरी सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, होता का? सहा महिन्यांत आपण काय शिकणार हे ज्याला दिसत नाही, तो गोव्यात सिमेंटची पोती उचलेल; तिथे निदान पैसे रोज मिळतात.

इथे कायदाही तुमच्या मदतीला येतो. तीस किंवा जास्त माणसांच्या कारखान्याला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. त्या जागा तुम्ही आता आयटीआयच्या यादीतून भरत असाल. त्यातल्या दोन वाडीवरच्या मुलांसाठी धरून ठेवा आणि शिकवायला तुमचा सगळ्यात शांत सेटर (मशीन लावून देणारा कारागीर) द्या. 'एसएसएलसी (दहावी) पास' ही अट ज्या कामाला खरोखर लागत नाही तिथून काढून टाका. मुलाखतीत वाडीवरचा पोरगा खाली मान घालून बसतो आणि नापास होतो. त्यापेक्षा दोन दिवस मजुरी देऊन मशीनजवळ उभं करा, मापं घ्यायचा व्हर्नियर हातात द्या, काय करतो बघा. ग्राइंडिंग मशीनवरचे आमचे दोन उत्तम कारागीर असेच सापडले, दोघांनी मुलाखतीत तोंड उघडलं नव्हतं.

भाषेबद्दल लोकांना वाटतं त्याहून अडचण कमी आहे, पण आहे. गवळ्यांची घरची बोली मराठीच, फक्त आपल्या बेळगावी कानाला वेगळी. सिद्दींच्या घरात कोकणी, मराठी आणि कन्नड मिसळलेलं चालतं, शाळा कुणाची कन्नड तर कुणाची मराठी. सुरक्षेच्या सूचना मात्र इंग्रजीत लावलेल्या असतात. त्या कन्नड आणि मराठी दोन्हींत लावा आणि पहिल्या दिवशी वाचून दाखवा. आपल्या भागात भाषेवरून माणसं पटकन बाजू धरतात. या पोरांना कुणाच्याच बाजूचं व्हायला लावू नका. ज्या भाषेत त्याला बोट कुठे घालायचं नाही हे कळतं, ती त्या मशीनची भाषा.

आता रजेचं. जुलैमध्ये रोप लावणी, दिवाळीच्या आसपास भातकापणी, मेमध्ये आमसुलं. या दिवसांत घरातला एक माणूस कमी पडला तर वर्षाचा भात जातो. तुमच्या नऊ जणांच्या गेलेल्या तारखा काढून बघा. निम्म्या तरी जुलै नाही तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडतील, मी खात्रीने सांगतो. आम्ही 'लावणी रजा' सुरू केली, आठ ते दहा दिवस, बिनपगारी पण नोकरीत खंड न धरता, आणि एका वाडीवरचे सगळे एकाच वेळी जाणार नाहीत एवढं आधी त्यांच्यातच ठरवून. वर्षाची मशीन देखभाल त्याच दिवसांत घेतली. पहिल्या वर्षी माझ्या मालकांना हे अजिबात पटलं नव्हतं. गेलेली सगळी मुलं अकराव्या दिवशी हजर झाली, त्यानंतर तो विषय संपला.

न सांगता गैरहजर राहिलेल्याला इंग्रजीत किंवा सरकारी कन्नडमध्ये रजिस्टर पत्र पाठवण्याची पद्धत सोडून द्या. ते पोचतं तेव्हा वाडीला वाटतं पोलिसांचं काहीतरी आलं, आणि मग पोरगा परत यायचा असला तरी येत नाही. सिद्दींच्या वाडीवर बुधवंत असतो, त्यांचा प्रमुख. गवळीवाड्यावर जाणती माणसं असतात. भरतीच्या वेळीच त्यांना भेटून ठेवा. कुणी आला नाही तर एक निरोप पुरतो. आणि एकाच वाडीवरून एकटा पोरगा घेऊ नका, दोघे-तिघे घ्या. एकटा असला की पहिल्या आजारपणात निघून जातो.

सगळे टिकतील असं मात्र धरू नका. काहींना कारखाना आवडणार नाही, आणि त्यात काही कमीपणा नाही. म्हशी सांभाळणं हे मशीन चालवण्याहून खालचं काम आहे असं मी मानत नाही. काही सरकारी नोकरीची वाट बघतील. राज्याने जमातींचं आरक्षण तीनवरून सात टक्के केलं, पण त्या सातांत संख्येने मोठे समाजही आहेत, सिद्दींच्या वाट्याला किती येईल ही त्यांची काळजी खरी आहे. गेलेल्याला दार उघडं ठेवा. आमच्याकडे दोनदा सोडून तिसऱ्यांदा आलेला एक जण पुढे सेटर झाला. त्याच्या वाडीवरून त्यानंतर आम्हाला माणूस शोधावा लागला नाही, तोच घेऊन यायचा.

तुम्ही आता नवीन जाहिरात देऊ नका. आधी रजिस्टर काढा आणि गेलेल्या आठ जणांपैकी किती जणांचा शेवटच्या दिवसांचा पगार तुमच्याकडे पडून आहे ते बघा. न सांगता गेलेल्या माणसाचे पैसे बहुतेक कारखान्यांत तसेच राहतात. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे नोकरी सोडलेल्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा असतो. पण कायदा नसता तरी तो पैसा त्यांचाच आहे. पाकिटं तयार करा, पीएफचे कागदही सोबत घ्या. जो एक उरलाय त्याला भरपगारी दोन दिवस द्या आणि त्याच्यासोबत त्या आठ घरी स्वतः जा. मॅनेजरला पाठवू नका. पैसे हातात ठेवा, सही घ्या, आणि मग विचारा काय झालं होतं. नाले भरायच्या आत जा, जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर गाडी पलीकडे जात नाही.